पेशीतले राखणदार

गेल्या वर्षी विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते म्हणून दहावीचा तास मी घेतला. मी एम. ए. मराठीचा. धड्यात एड्सचा उल्लेख आला तो वाचून पुढे सरकत होतो, तोच मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, माकडांना एचआयव्ही का होत नाही?"

"उद्या सांगतो," म्हणालो. त्या उद्याला पंधरा दिवस लागले.

माकडांचे स्वतःचे असे विषाणू असतात. चिंपांझीमधल्या अशाच एका विषाणूतून आपला एचआयव्ही-1 आला. पण उत्तर हिंदुस्थानात दिसणारे लाल तोंडाचे रीसस माकड घ्या. एचआयव्ही-1 त्याच्या पेशीत शिरतो, पण तिथे त्याचा जम बसत नाही. कारण 2004 साली सापडले. पेशीत जन्मापासून असलेले ट्रिम-5 अल्फा नावाचे प्रथिन विषाणूच्या कवचाला बिलगते आणि त्याचे काम तिथेच मोडते. आमच्याकडे वेशीवरच्या देवाला राखणदार म्हणतात, तसाच हा पेशीचा राखणदार.

हे प्रथिन आपल्यातही आहे. सुमारे 493 मण्यांची माळ, पण आपल्या राखणदाराला एचआयव्ही-1 नीट ओळखू येत नाही. 2005 साली प्रयोगशाळेत मानवी माळेतला 332 वा एकच मणी बदलून पाहिला, आणि तो राखणदार या विषाणूला अडवू लागला.

दुसरा राखणदार अपोबेक-3जी, 2002 साली उजेडात आला. हा नव्या विषाणूत लपून बसतो आणि पुढच्या पेशीत विषाणू आपल्या मजकुराची नक्कल करू लागला की अक्षरे बदलतो. मराठीच्या मास्तराला हे लगेच कळले. काना-मात्रा हलल्या की वाक्य निकामी. पण विषाणूही वस्ताद. त्याचे व्हिफ नावाचे प्रथिन या राखणदाराला पेशीच्या मोडीत काढायला लावते.

हे वाचताना एक जुनी गोष्ट वर आली. 2003 साली मी दुसऱ्या गावी साधा शिक्षक होतो. सातवीतल्या एका मुलाचे वडील एड्सने गेले. पालक शाळेत आले, कुजबुज झाली, मुलाला वेगळा बाक मिळाला. आणि "माठाला हात लावू नकोस, घरून पाणी आण," हे त्याला सांगितले मी. वरिष्ठांचा निरोप होता खरा, पण तोंड माझे होते.

दोन दिवसांनी त्याची अज्जी आली. कानडीतच तिने एवढेच विचारले, "मास्तर, पाण्यातून जातंय काय ते?"

पाण्यातून, शिवण्यातून, शेजारी बसण्यातून हा रोग जात नाही, हे त्याच व्हरांड्यातल्या तक्त्यावर लिहिलेले होते. मराठीत आणि कानडीत. तक्ता खिळ्याला मीच अडकवला होता. तरी मी म्हणालो, "वरून ठरलंय, अज्जी." दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलगा शाळेत आला नाही.

पेशीतल्या प्रथिनाला बिचाऱ्याला एक मणी कमी पडतो. मला काय कमी होते? ओळखण्याचे सगळे साधन भिंतीवर होते. मी अडवले ते पोराला.

आता औषधे आहेत. रोज नियमाने घेतली की विषाणू दबून राहतो, माणूस संसार करतो. 2017 च्या कायद्याने अशा मुलाला शाळेत वेगळे वागवण्यास मनाई केली आहे. पण माठापाशी उभा असतो तो कायदा नव्हे, कुणीतरी मास्तर असतो.

पंधरा दिवसांनी मी त्या मुलीला माकडाचे उत्तर दिले. "मग आपला तो मणी बदलता येईल का, सर?" तिने विचारले. प्रयोगशाळेतल्या पेशीत जमले आहे, माणसाच्या अंगात त्याचा उपचार झालेला नाही, असे सांगितले. मग पुस्तक मिटून वर्गाला माठाची गोष्ट सांगितली. मुलाचे नाव घेतले नाही. माझे घेतले.