महामार्गावरचे ताट आणि येळवशीची पंगत

लातूर आणि नांदेड यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ चाकूर, अहमदपूर, लोहा अशी गावे घेत जातो. मार्गशीर्षात त्याच्या दुतर्फा तुरी शेंगांच्या भाराने वाकलेल्या असतात, हरभरा फुलावर आलेला असतो आणि ज्वारीचे फड वाऱ्यावर सळसळत असतात. पण त्याच रस्त्यावरच्या ढाब्यात बसलेल्या प्रवाशाच्या ताटात या शिवारातले काय येऊन पोचते, असे विचारले तर उत्तर फारसे सुखाचे मिळत नाही. पनीर बटर मसाला, काजू करी, दाल तडका, जिरा राईस आणि तंदुरी रोटी ही यादी अंबाल्यापासून अहमदपूरपर्यंत जवळजवळ तशीच राहते. खिडकीबाहेर एक प्रदेश असतो आणि ताटात दुसराच.

फ्रान्समध्ये सुटीच्या दिवसांत खेड्यातल्या हॉटेलात जेवणे हा प्रवासाचाच एक हेतू मानला जातो. तेथे १९३६ मध्ये कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली आणि सुटीवर बाहेर पडणे ही श्रीमंतांचीच मिरासदारी राहिली नाही. ओबेर्ज, म्हणजे खाली खानावळ आणि वर मुक्कामाच्या चार खोल्या असलेले घरगुती हॉटेल, या सुटीचा आधार ठरले. त्यातच ‘फेर्म-ओबेर्ज’ नावाचा एक प्रकार आहे, ज्यात शेतकरी कुटुंबच पाहुण्यांना जेवू घालते आणि वाढलेल्या पदार्थांचा मोठा भाग स्वतःच्या शेतातला असावा अशी अट असते. तर ‘ताब्ल द’ओत’, म्हणजे यजमानाचे टेबल, या पद्धतीत सर्वांसाठी एकच जेवण रांधलेले असते आणि पाहुणा घरच्या माणसांबरोबर बसून तेच जेवतो. निवड नसणे हेच तेथे मोलाचे ठरते, कारण त्या दिवशी त्या गावात जे उत्तम पिकले तेच समोर येते आणि पाहुणा त्यासाठी आनंदाने पैसे मोजतो.

मराठवाड्यात अडचण नेमकी या पैसे मोजण्यापाशी येते. घरी रोज होणाऱ्या वरणासाठी आणि भाकरीसाठी बाहेर पैसे का द्यावेत, हा लातूरच्या कुटुंबप्रमुखाचा प्रश्न मुळीच गैर नाही. हॉटेलात जायचे ते घरी होत नाही ते खायला, असा सरळ हिशेब त्यामागे असतो आणि पनीर त्या हिशेबात चपखल बसते. मटणाच्या हॉटेलांत मात्र हा हिशेब उलटतो. उस्मानाबादी शेळी ही याच भागातली जात, आणि बोकडाचे मटण रोज शिजत नाही, ते शिजवण्याची मुभाही अनेक घरांत नसते; त्यामुळे तिखट रस्सा, ज्वारीची भाकरी आणि शेजारी ठेचा असे अस्सल गावचे ताट अशा हॉटेलांनी तगवून धरले आहे. शाकाहारी ताटाला हे भाग्य लाभलेले नाही.

वास्तविक या ताटासाठी लागणारा माल सरकारदरबारीही नावाजला गेला आहे. एखाद्या वस्तूचा गुण तिच्या गावच्या मातीशी आणि हवेशी बांधलेला आहे असे मान्य करून तिला जे कायदेशीर संरक्षण दिले जाते त्याला भौगोलिक मानांकन म्हणतात, आणि २०२४ मध्ये ते लातूर जिल्ह्यातल्या तीन वस्तूंना मिळाले: बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर. डाळ, चिंच आणि कोथिंबीर एवढे हाताशी असताना आमटीला फोडणीखेरीज फारसे काही उरत नाही. तरीही त्या आमटीची वाटी ढाब्यावर शोधावी लागते, हे डाळींच्या घाऊक बाजारासाठी नावाजलेल्या जिल्ह्याला शोभणारे नाही. त्या मानाने निलंगा राईसने, म्हणजे निलंग्याचे नाव लावून गाड्यांवर विकल्या जाणाऱ्या झणझणीत मसालेभाताने, अधिक हिंमत दाखवली आणि तो पुण्यापर्यंत जाऊन पोचला.

या भूमीचे खरे ‘यजमानाचे टेबल’ वर्षातून एकदाच मांडले जाते आणि तेही शेतात. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर व धाराशिव जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडच्या बीदर, कलबुर्गी भागांत वेळा अमावस्या साजरी होते. गावोगावी तिला येळवस म्हणतात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोप, उभारून तिच्यात पांडवांची म्हणून चुन्याने रंगवलेल्या दगडांची पूजा मांडतात, आणि मग भर दुपारी पंगत बसते. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि हिरव्या पालेभाज्या एकत्र शिजवून त्यांना डाळीच्या पिठाची दाटी आणि आंबटाई दिली की भज्जी होते, जिचा तळलेल्या भज्यांशी काही संबंध नाही. तिच्याबरोबर ज्वारी-बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, तीळ-शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर आणि मातीच्या भांड्यातून ओतलेली आंबील, म्हणजे ज्वारीचे पीठ ताकात आंबवून केलेले गार, आंबूस पेय. थंडीतल्या उन्हात, पिकाच्या कडेला बसून, ज्या मातीत ते दाणे भरले तिच्यावरच पत्रावळ मांडून जेवण्याची ही रीत कोणत्याही ओबेर्जच्या तोडीस तोड आहे. ज्यांना शेत नाही असे शेजारी, कचेरीतले सहकारी, वाटसरू या साऱ्यांना बोलावणे असते आणि पैशाचा विषयही निघत नाही.

नांदेडला पैशाविना पंगत बाराही महिने बसते. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये जेथे देह ठेवला त्या सचखंड श्री हजूर साहिबाच्या लंगरात, म्हणजे सर्वांना एका रांगेत विनामूल्य जेवू घालणाऱ्या पाकशाळेत, डाळ आणि रोटी वाढली जाते. त्यामुळे पंजाबी ताटाला निदान नांदेडात तरी परके म्हणता येत नाही. परकेपणा आहे तो ढाब्यावरच्या बेचव नकलेत.

मार्गशीर्ष अमावस्या बहुधा डिसेंबरात, कधी जानेवारीत येते आणि त्या दिवशी लातूर जिल्ह्यात स्थानिक सुटी असते. बाजारपेठ ओस पडलेली असल्याने शहरात हॉटेल शोधण्यात वेळ घालवू नये. सकाळीच एखाद्या ओळखीच्या शेताची वाट धरावी, आणि ओळख नसली तरीही धरावी.