जँतसार आणि ओवी

राखोलीत गाणारी माणसं शोधायची तर मंडप-स्टेज बघत बसू नका, कारखान्यांच्या मागच्या चाळींकडे जा. पत्र्याच्या छपराखाली ओळीनं खोल्या, एकेका खोलीत पाच-सहा पुरुष. कुणी बिहारचा, कुणी पूर्वांचलचा, कुणी ओडिशाचा. ज्या दिवशी सुट्टी असेल त्या संध्याकाळी खिळ्यावरचा ढोलक खाली येतो, झाल वाजायला लागते. होळीच्या आधी महिनाभर फगुआ, नंतर चैती. नवऱ्याच्या नोकरीमुळे सांगली सोडून इथे आल्यावर पहिली काही वर्षं मी खिडकी लावून घ्यायचे. आवाज नको म्हणून नाही, बायकांनी त्या बाजूला बघायचं नसतं म्हणून.

खरंच, त्या गल्लीत बायका दिसत नाहीत. २०११च्या जनगणनेत दादरा-नगर हवेलीत हजार पुरुषांमागे ७७४ स्त्रिया होत्या. दहा वर्षांत लोकसंख्या २ लाख २० हजारांवरून ३ लाख ४३ हजारांवर गेली होती. त्या वाढीत असे एकटे पुरुषही होते. भोजपुरीत या एकटेपणाचं नाटकच आहे. भिखारी ठाकूर, सारण जिल्ह्यातले, जातीनं न्हावी, स्वतः पोटासाठी खरगपूरला जाऊन आलेले. त्यांनी ‘बिदेसिया’ लिहिलं. नवरा कलकत्त्याला जातो, बायको गावात वाट बघते. चाळीतल्या म्हाताऱ्या फिटरला मी त्यांचं नाव विचारलं तेव्हा तो उठून उभाच राहिला. पुढच्या सुट्टीला त्यानं निरोप पाठवला, “दीदी, आज गाना है.” गाणाऱ्याशी ओळख करून घ्यायची तर त्याच्या मुलखातल्या एखाद्या गाणाऱ्याचं नाव आपल्याला ठाऊक हवं. पत्ता विचारण्याच्या आधी ते विचारावं. आणि मोबाईल पिशवीतच ठेवावा.

बायकांपर्यंत पोचायला मात्र दोन वर्षं लागली. आमच्याकडे पोळ्या करायला येणारी सिवानकडची. कणीक मळताना काहीतरी पुटपुटायची. मी विचारलं की गप्प. एकदा म्हणाली, “खोलीवर गात नाही हो, शेजारी रात्रपाळीवाले झोपलेले असतात.” हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सकाळी दळताना, दुपारी निवडताना गायची जी वेळ, तीच चाळीत झोपेची वेळ. गाणं कुणी बंद केलं नाही; पाळीनं बंद केलं.

ती पुटपुटत होती ते जँतसार. जाँता म्हणजे जातं. जात्यावरचं गाणं! मी हातातलं लाटणं ठेवलं. माझी आजी पहाटे दळायची, आणि माहेर, भाऊ, सासूचा जाच, सगळं ओवीत घालायची. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी आपल्या गावोगावच्या बायकांकडून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. भोजपुरीतही तेच माहेर, तोच भाऊ. फक्त तिथे नवरा पूर्वेला कमवायला गेलेला असतो. आपल्या ओवीतला नवरा बहुधा घरीच असतो आणि त्याचंच गाऱ्हाणं असतं, हा फरक!

मग मी महिला मंडळात विषय काढला: सभागृहात या बायकांना गायला बोलवू या. कुजबूज झाली. बसवायचं कुठे, पैसे मागतील का, आणि मुख्य म्हणजे ढोलकाचं चामडं आत कसं चालेल? शेवटचा प्रश्न आपल्या आचाराचा आहे, मी तो हसण्यावारी नेला नाही. पण जँतसारला वाद्य लागतच नाही, जात्याची घरघर हेच वाद्य. त्यामुळे तो प्रश्न मिटला. पुरुषांचा ढोलक बाहेरच राहिला, ते मला अजून पटलेलं नाही.

पैशाचं मात्र मी ठामपणे सांगितलं. पूजेला बाहेरून संगीतकार बोलावतो तेव्हा भाडं, मानधन, जेवण सगळं देतो. या बायकांचं गाणं ‘हौस’ आणि त्यांचं तेवढं ‘संगीत’? एका दिवसाची मजुरी बुडते त्यांची. शेवटी प्रत्येकीला पाकीट द्यायचं ठरलं. एक-दोघी नाराज झाल्या, झाल्या.

(या प्रदेशावर गाणाऱ्यांचं ऋण जुनंच आहे. १९५४ साली पोर्तुगीजांविरुद्धच्या लढ्याला पैसा हवा होता, तेव्हा सुधीर फडक्यांनी पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रम केला होता.)

त्या दिवशी सात जणी आल्या. दोघी ओडिशाच्या. शिवाय एक वारली आजी, कुणाबरोबर आली कळलं नाही. मधुबन धरणाच्या पाण्यानं इथलीही कितीतरी घरं उठवली, म्हणजे ही इथलीच असून विस्थापित. तिचा नवरा तारपा वाजवायचा, भोपळ्याचा, बांबूच्या नळ्यांचा. आता भोपळा नीट वाळवणारंच कुणी नाही म्हणाली. ती गायली नाही, पण जँतसार चालू असताना तिचा उजवा हात मांडीवर गोल फिरत होता. मग आमच्या मंडळातल्या सत्तरीच्या काकूंनी, ज्यांनी सगळ्यात जास्त विरोध केला होता, त्यांनी एकदम ओवी उचलली. लय थोडी वेगळी होती, सिवानवालीनं ती धरून घेतली.

रेकॉर्डिंग तिनं स्वतःच्या फोनवर केलं आणि आईला गावी पाठवलं. मला वाटलं, आई रडेल. आईचा दुसऱ्या दिवशी फोन आला: तिसऱ्या कडव्यात दोन ओळी सुटल्यात, पोरगी शहरात जाऊन विसरली, पुन्हा गाऊन पाठव. म्हणून सभागृहाची किल्ली आता पुढच्या रविवारसाठी मागून ठेवली आहे. काकू विचारत होत्या, वारली आजीला निरोप कोण देणार.