इमेजचा प्रश्न आहे!

"मॅडम, इमेज पाठवा ना! प्रिंट काढून, फ्रेम करून संध्याकाळपर्यंत देतो."

फोटो स्टुडिओवाले काका फोनवर बोलत होते. बाबांना जाऊन नऊ दिवस झाले होते आणि तेराव्याला पाटावर ठेवायला फोटो हवा होता.

आता, इमेज हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा तरी वापरते. जाहिरात एजन्सीत नोकरी म्हटल्यावर दुसरं काय होणार? क्लायंटला ब्रँडची इमेज 'यंग' करून हवी असते. डिझायनरला इमेज हाय-रेझोल्युशन हवी असते. आणि अप्रायझलच्या वेळी बॉस सांगतो, "तुझी इमेज जरा जास्तच साधी आहे हं!" एकच शब्द, तीन माणसं, तीन अर्थ. त्या दिवशी मात्र मी त्या शब्दापाशी अडले.

फोनमध्ये साडेसहा हजार फोटो. त्यात बाबा किती? शोधून शोधून अकरा! कारण बाबा कायम कॅमेऱ्याच्या मागे. महाबळेश्वरची ट्रिप, दरवर्षीचे गणपती, माझं ग्रॅज्युएशन... सगळे फोटो त्यांनीच काढलेले. एका फोटोत तर मी आणि आई उभ्या आहोत आणि आमच्या पायाशी बाबांची सावली तेवढी आली आहे. त्यातल्या त्यात धड फोटो एकच, पेन्शनच्या फॉर्मसाठी काढलेला पासपोर्ट साइझचा. आईने तो हातात घेतला, चष्मा लावला, आणि म्हणाली, "हे असे कुठे दिसायचे गं?"

रात्री झोप येईना, म्हणून डिक्शनरी उघडून बसले. कॉपी लिहिणाऱ्यांची जुनी खोड!

इमेज हा शब्द मूळचा लॅटिन, 'इमागो'. फ्रेंचमधून तो साधारण १२०० च्या सुमारास इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ होता पुतळा, मूर्ती. आरशातलं प्रतिबिंब हा अर्थ नंतरचा. इमॅजिनेशन हे तर त्याचं सख्खं भावंड. इमिटेशनही त्याच घरातलं मानतात. म्हणजे आपल्या कंपनीच्या इमेजचं आणि लग्नात घालायच्या इमिटेशन ज्वेलरीचं मूळ एकच! हे बॉसला सांगायला हवं.

पण खरी गंमत रोमन लोकांची. मोठ्या घराण्यांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे करून ठेवायचे. त्या मुखवट्यांना म्हणायचे 'इमागो'. दर्शनी दालनात लाकडी कपाटांत ते ठेवलेले असत. घरात कुणी गेलं की ते बाहेर काढायचे आणि त्या त्या पूर्वजाच्या अंगकाठीची माणसं ते चेहऱ्यावर चढवून अंत्ययात्रेत चालायची. पॉलिबियस या इतिहासकाराने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात याचं वर्णन करून ठेवलंय. अर्थात हा मान मोठी सरकारी पदं भूषवलेल्यांचाच. माझे बाबा हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. रोममध्ये असते तर त्यांचा नंबर काही लागला नसता!

म्हणजे गेलेल्या माणसाचा चेहरा आणि घराण्याची प्रतिष्ठा, दोन्ही या शब्दाला पहिल्यापासून चिकटलेले. 'लोकांच्या मनातली छबी' हा आपला ऑफिसातला अर्थ मात्र अगदी अलीकडचा. तो रूढ झाला १९५० च्या दशकात, आणि केला कुणी? आम्हीच, जाहिरातवाल्यांनी!

त्याच दशकातली आणखी एक गोष्ट वाचली आणि मी उठून बसले. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श या इंजिनिअरने आपल्या टीमबरोबर एक फोटो स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये घातला. ही पहिली डिजिटल इमेज मानली जाते. फोटो होता ५ सेंटिमीटर बाय ५ सेंटिमीटर. इमेज झाली १७६ बाय १७६ ठिपक्यांची, म्हणजे जेमतेम ३१ हजार ठिपके. आज आपल्या फोनमधल्या एका फोटोत लाखो, कोट्यवधी ठिपके असतात. आणि फोटो कुणाचा? कर्शच्या तीन महिन्यांच्या मुलाचा. म्हणजे तिथेही बाप फोटोत नाहीच!

सकाळी मी अकराही फोटो आईसमोर ठेवले. तिने पासपोर्टवाला बाजूला सारला आणि एका फोटोवर बोट ठेवलं. मामेभावाच्या लग्नातला ग्रुप फोटो. मागच्या बाजूला, कोपऱ्यात, बाबा हातात मठ्ठ्याचा जग घेऊन पंगतीत कुणाला तरी आग्रह करतायत आणि तोंडभर हसतायत. चेहरा एवढासा, नखाएवढा.

स्टुडिओतल्या काकांनी मान हलवली. "मॅडम, बारा बाय पंधराला हा फाटणार. चौकोन चौकोन दिसतील. तो पासपोर्टवाला क्लिअर आहे, सूट घालून देऊ का त्यात?"

मी आईकडे पाहिलं. आयुष्यात कधी सूट न घातलेल्या माणसाला आता सूट!

"चौकोन दिसू देत," आई म्हणाली. "जगसुद्धा कापू नका."

तो फोटो आता हॉलमध्ये आहे. अगदी जवळ गेलं की नुसते चौकोन. दारात उभं राहून पाहिलं की बाबा. तेराव्याला आलेले नातेवाईक आधी जरा चपापले. मग एक काका म्हणाले, "अरे, हा तर आत्ता मठ्ठा वाढायला येईल!" आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा आई हसली.

तर मंडळी, तुमच्या फोनची गॅलरी एकदा उघडून बघा. घरात कायम फोटो काढणारं माणूस कोण आहे? येत्या रविवारी कॅमेरा त्यांच्या हातातून काढून घ्या. ते म्हणतीलच, "माझा कशाला?" तुम्ही क्लिक करा.