हाकेला ओ

कुत्र्याला शिकवण्यासारखं पुष्कळ असतं. बसणं, थांबणं, पट्टा न ओढता चालणं, पाहुण्यांच्या अंगावर न उडणं. पण दोन महिन्यांच्या पिल्लापासून बारा-तेरा वर्षांच्या म्हाताऱ्या कुत्र्यापर्यंत रोज लागणारी, आणि एखाद्या दिवशी भरधाव गाडीपासून त्याचा जीव वाचवणारी गोष्ट एकच: हाक मारली की येणं. घराघरांत सगळ्यात जास्त बिघडलेली असते तीही हीच. ‘बाकी सगळं ऐकतो हो, पण एकदा मोकळा सोडला की हाकेला ओ देत नाही,’ ही तक्रार कुत्री पाळणाऱ्या कुठल्याही चार माणसांत ऐकू येते. तिच्या मागोमाग ठरलेला निकालही येतो, की कुत्रा हट्टी आहे, लाडावला आहे, त्याला धाक हवा. मला हा निकाल साफ चुकीचा वाटतो. आजवर हाकेपाठोपाठ जे जे घडत आलं, तेवढाच त्या हाकेचा अर्थ कुत्र्याला ठाऊक असतो. तो येत नसेल, तर आल्यावर त्याच्या पदरात काय पडत होतं ते आधी तपासावं. ते नीट तपासलं, तर धाकाला जागाच उरत नाही.

एखाद्या सोसायटीमागच्या मैदानावर संध्याकाळी हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. मालक पट्ट्याची कडी काढतो आणि कुत्रा कुंपणाच्या कडेकडेनं हुंगत दूर जातो. अंधारायला लागतं, घरची कामं वाट बघत असतात, हाका सुरू होतात. पहिल्याच हाकेला कुत्र्याचा एक कान मागे वळतो, म्हणजे ऐकू गेलेलं असतं. चौथ्या हाकेपर्यंत आवाज चढतो. मग कुत्रा निघतो, पण सरळ येत नाही. मोठं वळण घेत, मान आणि शेपूट खाली घालून, जिभेनं स्वतःचंच नाक चाटत, मध्येच थांबून जमीन हुंगत येतो. ही सगळी ताणाची लक्षणं आहेत, चिडलेल्या माणसाला शांत करू पाहण्याची. माणूस मात्र त्यातून ‘मुद्दाम रेंगाळतोय’ एवढंच काढतो. कुत्रा हाताशी येताच पाठीत धपाटा बसतो आणि गळपट्ट्यात कडी अडकते. मालकाच्या लेखी ही उशिराची शिक्षा झाली. पण धपाट्याच्या क्षणी कुत्रा करत काय होता? तो येत होता. दहा मिनिटांपूर्वीचं हुंगणं आणि आत्ताचा मार यांची सांगड घालणं त्याला जमत नाही, येणं आणि मार यांची मात्र सहज जमते. आणि धपाटाच हवा असंही नाही. ज्या घरात कुत्र्याला फक्त आंघोळीला, नखं कापायला, कानात औषध घालायला, खेळ थांबवायला आणि साखळीला बांधायला हाक मारली जाते, तिथं एकदाही हात न उगारता हाक नासते.

यामागचं शास्त्र शंभर वर्षांहून जुनं आहे. पाव्हलॉव्हला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी. त्याच कामात कुत्र्यांच्या लाळेकडे बघताना त्याच्या लक्षात आलं, की अन्न तोंडात पडण्याची वाट न बघता, ते घेऊन येणाऱ्याची चाहूल लागताच लाळ सुटते. एरवी निरर्थक असलेली खूण पुढे घडणाऱ्या गोष्टीचं वजन घेते. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइकनं १८९८ मध्ये मांजरांना कोड्याच्या पेट्यांत ठेवून दुसरी बाजू दाखवली: ज्या कृतीपाठोपाठ चांगलं काही मिळतं ती कृती पुढच्या खेपेला लवकर होते. हाकेत ही दोन्ही सूत्रं एकदम चालतात. पहिल्यानं हाकेला गोडी किंवा धास्ती चिकटते, दुसऱ्यानं येण्याची सवय पक्की होते किंवा विरते. आपण शिकवत नसलो तरी शिकणं चालूच असतं. म्हणून ‘अजून लहान आहे, सहा महिन्यांचा झाला की ट्रेनर लावू’ हे म्हणणं मला पटत नाही. जॉन स्कॉट आणि जॉन फुलर यांनी बार हार्बरच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून १९६५ मध्ये जे मांडलं, त्यानुसार माणसांशी आणि जगाशी नातं जुळण्याचा कळीचा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा असतो. आपल्याकडच्या २०१७ च्या नियमांनी आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी आहे. म्हणजे पिल्लू घरी येतं तेव्हा त्या काळातले थोडेच आठवडे हातात उरलेले असतात.

त्या आठवड्यांत करायचं ते अगदी साधं आहे. घरातली शांत खोली घ्यावी. मुठीत उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे ठेवावेत (मनुका, द्राक्षं, चॉकलेट आणि कांदा कुत्र्याला विषासमान, ते चुकूनही नकोत). पिल्लू दोन पावलांवर असताना ठरलेली हाक एकदाच मारावी. त्यानं मान वळवली, की त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणावं आणि ते पायाशी आलं की तुकडा द्यावा. ‘शाब्बास’ची वेळ तुकड्यापेक्षा महत्त्वाची, कारण नेमकी कुठली गोष्ट बरोबर झाली हे त्या शब्दानं कळतं. काही जण त्यासाठी टिक् वाजणारा क्लिकर वापरतात. तुकडा देताना दुसऱ्या हातानं गळपट्टा अलगद धरावा आणि लगेच सोडून द्यावा, म्हणजे गळ्याकडे येणाऱ्या हाताची धास्ती बसत नाही. पुढे दुसऱ्या खोलीतून, मग जिन्यावरून, मग मैदानात लांब दोरी बांधून हेच करायचं. मैदानात दहादा बोलवावं आणि त्यातल्या नऊदा तुकडा देऊन पुन्हा खेळायला सोडावं, म्हणजे हाक आली की खेळ संपला असं गणित त्याच्या डोक्यात बसत नाही. घरात आजी ‘इकडे ये’, मुलगा ‘कम’ आणि बाबा ‘चल रे’ म्हणत असतील तर सगळ्यांनी एकच ठरवावं. आणि आंघोळीसाठी हाक मारूच नये, उठून त्याच्याजवळ जावं.

मग सात-आठव्या महिन्यात कुत्रा ऐकेनासा होतो, आणि बरीच घरं इथंच हात टेकतात. ल्युसी अ‍ॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथं फार उपयोगी आहे. अंधांचे वाटाडे व्हायला निवडलेली कुत्री पाच महिन्यांची असताना सांभाळणाऱ्याच्या ‘बस’ला जितका प्रतिसाद देत, तितका आठव्या महिन्यात देईनात. अनोळखी माणसानं तीच आज्ञा दिली तर मात्र घसरण दिसली नाही. म्हणजे शिकलेलं पुसलेलं नसतं, वयात येताना जवळच्या माणसाशी काही काळ ओढाताण होते, तेवढंच. हा काळ सरतो. तो सरेपर्यंत लांब दोरी परत बांधावी, तुकडे जरा चवदार करावेत आणि हाक कमी वेळा, खात्री असेल तेव्हाच मारावी. याच महिन्यांत पहिला फटका बसला, तर वयाबरोबर जाणारी अडचण जन्माची होऊन बसते.

‘पण मारल्यावर फरक पडतो, डोळ्यांनी दिसतं,’ हा सगळ्यात जोरकस आक्षेप, आणि तो खोटा नाही. फटक्यानं कुत्रा त्या क्षणी थांबतो. प्रश्न आहे तो पुढचा. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये ६३ कुत्र्यांवरचे निष्कर्ष मांडले. हाकेला न येणारी आणि इतर जनावरांमागे धावणारी ही कुत्री होती, विजेच्या कॉलरची जाहिरात नेमकी ज्यांच्यासाठी केली जाते तीच. एका गटाला कॉलर बनवणाऱ्यांच्याच संघटनेनं सुचवलेल्या ट्रेनरनी कॉलर लावून शिकवलं, दुसऱ्याला त्याच ट्रेनरनी कॉलरशिवाय, तिसऱ्याला बक्षिसावर भर देणाऱ्यांनी. तिसऱ्या गटातली कुत्री पहिल्याच आज्ञेला जास्त वेळा आणि लवकर प्रतिसाद देत होती. कॉलरनं जास्तीचं काही साधलं नाही. अशा कॉलरवर वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे, आपल्याकडे त्या ऑनलाइन सहज मिळतात.

पोर्तुगालमधला २०२० चाच अभ्यास मला आणखी बोलका वाटतो. वेगवेगळ्या प्रशिक्षण शाळांतली ९२ कुत्री त्यात होती. दटावणी, झटके असा मारा जास्त असलेल्या शाळांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं आणि शिकवणीनंतरचं कॉर्टिसॉल जास्त भरलं. मग भांड्याची चाचणी झाली. खोलीच्या एका बाजूच्या भांड्यात नेहमी खाणं, दुसऱ्या बाजूच्या भांड्यात कधीच नाही, एवढं कुत्र्याला कळलं की भांडं मधोमध ठेवायचं आणि तो किती वेगानं जातो ते बघायचं. सर्वाधिक मारा सोसलेली कुत्री त्या मधल्या भांड्याकडे सावकाश गेली. त्यांना त्यातून काही मिळेलसं वाटत नव्हतं. शाळा मालकांनीच निवडली होती, तेव्हा मालकांतही फरक असणार, हे मान्य. पण मैदानावर वळण घेत येणारा तो कुत्रा आठवून पाहा. हाक ही त्याच्यासाठी मधोमध ठेवलेलं भांडंच असते. फटक्यानं उलटून येण्याची जोखीमही आहे. मेगन हेरन यांच्या २००९ मधल्या पाहणीत, वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या मालकांपैकी ज्यांनी कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली होती, त्यांतल्या ४३ टक्क्यांना त्यावर आक्रमक प्रतिक्रिया मिळाली होती. आधीच बिघडलेल्या कुत्र्यांची ही आकडेवारी आहे, पण मारण्याची पाळी बहुधा त्यांच्यावरच येते.

दुसरा आक्षेप लाचेचा. खाऊ दाखवून मग बोलावणं ही लाच खरीच, आणि ती टाळावी, कारण खाऊ दिसला नाही की कुत्रा येत नाही. काम झाल्यावर जे मिळतं त्याला मात्र आपण पगार म्हणतो. हाक पक्की झाली की तो कधी तुकडा, कधी चेंडू, कधी नुसतं मोकळं सोडणं अशा रूपांत द्यावा, पण पार बंद करू नये. ‘कळपाचा म्होरक्या’ व्हायला हवं, हे म्हणणं तर ज्या पायावर उभं होतं तो पायाच गेला. रुडॉल्फ शेंकेलनं १९४७ मध्ये लांडग्यांच्या झुंजी वर्णन केल्या त्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या. ‘अल्फा’ ही कल्पना आपल्या पुस्तकातून जगभर नेणाऱ्या डेव्हिड मेक यांनीच एल्झमीर बेटावर मोकळे लांडगे बघून १९९९ मध्ये सांगितलं, की कळप म्हणजे बहुतेकदा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. ‘हे सगळं विलायती कुत्र्यांचं, गावठी कुत्रा दांडक्यालाच ऐकतो’ असंही म्हटलं जातं, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्रा यांच्या गटानं रस्त्यावरच्या कुत्र्यांना अनोळखी माणसाकडून पुन्हापुन्हा खाणं किंवा डोक्यावरून फिरणारा हात देऊन पाहिला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की विश्वास जास्त बसला तो हात फिरवणाऱ्यावर. दगड खाऊन वाढणाऱ्या कुत्र्यांची ही गत असेल, तर दांडक्याचं समर्थन करायला काय उरतं?

मर्यादा आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. बक्षिसानं हजारो प्राणी शिकवलेल्या केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनीच १९६१ मध्ये लिहिलं, की शिकवलेलं वर्तन कालांतरानं उपजत ओढीकडे सरकतं. धावणाऱ्या सशामागे सुटलेला कारवान हाउंड थांबेलच अशी खात्री कुठलीच पद्धत देत नाही. तिथं पट्टाच हवा. दिवसभर साखळीला असलेला कुत्रा सुटल्यावर परतत नाही, याचा तर शिकवणीशी संबंधच नाही. आखूड किंवा जड साखळीला जनावर अवाजवी काळ बांधणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, या दोन्ही गोष्टी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात क्रूरता म्हणून नोंदलेल्या आहेत. ज्याला पोटभर धावायला मिळतं, त्याच्याकडूनच परत येण्याची अपेक्षा करावी.

मोठ्या वयाच्या, मार खाल्लेल्या, दत्तक आणलेल्या कुत्र्यांची जुनी हाक सहसा दुरुस्त होत नाही. ती टाकून द्यावी, नवा शब्द किंवा शिट्टी घ्यावी आणि पिल्लासारखंच शांत खोलीपासून सुरू करावं. आणि कुत्रा कोणताही असो, हाकेबरोबर हाताची एक ठळक खूण तो मध्यम वयाचा असतानाच जोडावी, आधी खूण आणि लगेच हाक, या क्रमानं. म्हातारपणी बऱ्याच कुत्र्यांचे कान जातात, आणि तेव्हा ती हाकेला दुर्लक्ष करताहेत असं समजून पुन्हा आवाज चढतात. कान तपासून घ्यावेत, पाठीमागून हात लावून दचकवू नये. त्याच्या नजरेच्या टप्प्यात जाऊन हात हलवावा आणि आल्यावर तुकडा द्यावा. दात पडलेले असतील तर मऊ शिजवलेला द्यावा.