बॉस, बांबू आणि अभ्यास गट

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे माणसं दोनच कारणांनी येतात अशी उरलेल्या महाराष्ट्राची समजूत आहे. एक, ताडोब्याचा वाघ बघायला. दोन, साहेबाशी वाजलं म्हणून. "जास्त बोललास तर गडचिरोलीला पाठवीन" हा सरकारी हापिसातला बहुधा सगळ्यात जुना विनोद असावा. मी मात्र उलटा, चंद्रपूरहून पुण्याला आलो आणि माझं साहेबाशी वाजलं ते इथे, हिंजवडीत. (आयटीवाल्याला गडचिरोलीला धाडत नाहीत, बेंचवर बसवतात.)

तर झालं असं. आधीची मॅनेजर ऑनसाइट गेली आणि तिच्या जागी नवे साहेब आले. मूळचे कोल्हापूरचे, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक एक्सेल शीट काढली. प्रत्येकाने दर दोन तासांनी काय काम केलं ते त्यात भरायचं, रोज. मी टीम लीड, सात वर्षं याच प्रॉडक्टवर. पुढच्या आठवड्यात क्लायंटच्या कॉलवर माझं एस्टिमेट त्यांनी माझ्यासमोर निम्मं केलं. मी तिथेच म्हटलं, "जमणार नाही." त्यानंतर दोन महिने आम्ही दहा फुटांवर बसून फक्त ईमेलवर बोलत होतो, सीसीमध्ये अर्धी कंपनी. दुसरीकडची एक ऑफर इनबॉक्समध्ये पडून होती. पगार कमी, पण निदान शीट नव्हती. आणि इकडे घराचा हप्ता. टीममधली दोन पोरंही माझ्या तोंडाकडे बघत होती, हा गेला की आपणही जाऊ म्हणून.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा मामाला सगळं सांगितलं. मामा धानोरा तालुक्यात झेडपीच्या शाळेत गुरुजी होता, आता रिटायर. एक्सेल वगैरेत त्याला रस नव्हता. म्हणाला, "तुमचं भांडन ठरावाच्या मीटिंगात चालू आहे बे. तेथं कोनी मागं सरकते का?" आणि मग त्याने मेंढ्याची गोष्ट लावली.

मेंढा (लेखा) हे धानोऱ्याजवळचं छोटंसं गोंड गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथलीच. गाव जंगलात, आणि जंगलाचा साहेब म्हणजे वनखातं. गावाने सागवान वापरून घोटुल बांधलं, तर खात्याने ते मोडून लाकूड उचलून नेलं. गावाने पुन्हा बांधलं, आजूबाजूच्या गावांनीही बांधायला घेतलं, तेव्हा खातं नमलं. नवल म्हणजे पुढे १९९० च्या दशकात हेच गाव त्याच खात्याबरोबर संयुक्त वनव्यवस्थापनात बसलं. वनहक्क कायदा २००६ चा, मेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाला २००९ साली. तरी बांबू अडकलेलाच, कारण १९२७ च्या वन कायद्यात बांबू म्हणजे झाड आणि नव्या कायद्यात गौण वनोपज! शेवटी २७ एप्रिल २०११ ला जयराम रमेश आणि पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं.

पण मामाचा मुद्दा बांबू नव्हता. मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. म्हणून त्यांनी बोलायची जागा वेगळी ठेवली, अभ्यास गट. तिथे देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल, बाहेरचा कोणी जाणकार, कोणीही बसावं, वाटेल तितका काथ्याकूट करावा. निर्णय मात्र तिथे घ्यायचा नाही, तो ग्रामसभेत. निर्णयच नाही म्हटल्यावर हरायचंही नाही.

तुलना मी फार ताणत नाही. त्यांचं पोट जंगलावर होतं, माझं फार तर इन्क्रीमेंट. शिवाय ते नुसते बोलत बसले नव्हते, मोडलेलं घोटुल त्यांनी पुन्हा उभं केलं होतं. असो.

पुण्यात परतल्यावर साहेबांना विचारलं, "दर गुरुवारी अर्धा तास चहाला बसू या का? अजेंडा नाही, मिनिट्स नाहीत, काही ठरवायचं नाही."

"मग बसायचं कशाला?" (रास्त प्रश्न.)

मी मेंढ्याचं सांगितलं. ते हसले, पण आले. पहिला गुरुवार तांबडा रस्सा विरुद्ध सावजी यात गेला. दुसऱ्याला ते आलेच नाहीत. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी आपणहून सांगितलं, आधीच्या प्रोजेक्टमध्ये लीड तीन महिने "जवळजवळ झालं" म्हणत राहिला, आणि काहीच झालेलं नाही हे यांना रिलीजच्या आदल्या आठवड्यात कळलं. उत्तर द्यायला हे उभे. शीट तिथून आली होती. मग मी सांगितलं की माझ्या एस्टिमेटमध्ये डेटा मायग्रेशनचे जादा दिवस असतात, कारण क्लायंटकडून येणारा डेटा दर वेळी कचरा असतो. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ठरल्याप्रमाणे आम्ही काही ठरवलं नाही, चहा संपवला आणि उठलो.

सोमवारच्या मीटिंगमध्ये शीट आठवड्यातून एकदा झाली. मी रोज संध्याकाळी, काय अडकलंय ते दोन ओळींत त्यांना कळवू लागलो, त्यांनी विचारायच्या आधी. एस्टिमेट ते अजूनही कापतात, पण कॉलच्या आधी फोन करून. वर्क फ्रॉम होमवर आमचं काही केल्या जुळत नाही. ऑफरची तारीख कधी उलटली ते कळलंही नाही. सीसीतली अर्धी कंपनी मात्र एकदम शांत झालीय.

परवाच्या गुरुवारी ते म्हणाले, "तुमच्या त्या मेंढ्याला एकदा जायला पाहिजे."

"ग्रामसभेला आधी विचारावं लागतं."

"त्यांचा ईमेल आयडी आहे का?" :)