सायबान

उर्दूत ज्याला सायबान म्हणतात, त्याला हल्ली गाडीवाले ऑनिंग म्हणतात. जुन्या मराठीत सायवान हा शब्द होताच. गाडीच्या टपाच्या कडेला बांधायचं आणि मुक्कामाला थांबलं की बाजूला ताणायचं कापडी छत. शब्द आमच्या घरचा, पण वस्तू घ्यायची की नाही यावर यंदा आमच्याकडे दोन महिने खल चालला.

आम्ही नवरा-बायको दोघंही सोलापुरात उर्दू शाळेत शिकवतो. सुट्टी लागली की जुन्या ओम्नीत बिऱ्हाड भरून निघतो. मागे फळ्या टाकून गादी अंथरली की अम्मी आणि मुलं झोपतात. आम्ही चटई घेऊन बाहेर. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा यांचं तर आधीपासूनच सुरू आहे, अशी स्टाफरूममध्ये आमची थट्टा झाली.

कोकणात गेलो तेव्हा छताची आठवणही झाली नाही. गुहागरला सुरूच्या बनाची सावली, आणि रोज नवा मुक्काम. सकाळी निघायचं असेल तर संध्याकाळी खांब रोवत कोण बसणार? शिवाय छत गाडीलाच बांधलेलं. दूध आणायला गाडी हलवायची तरी सगळं सोडा. एका रात्रीच्या मुक्कामाला सायबान नकोच, हे आमचं मत आजही कायम आहे.

आपल्या भागाचं तसं नाही. नळदुर्गजवळ बोरीकाठी ओळखीच्यांचं शेत आहे. तिथे आम्ही तीन-तीन दिवस राहतो. झाड म्हणाल तर एक बाभूळ, आणि भर दुपारी तिची सावली तिच्याच बुंध्याशी. मे महिन्यात इकडे पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात उभी गाडी म्हणजे पत्र्याची भट्टी.

मुलं पाण्याकडे पळतात, आम्ही स्वयंपाकाला लागतो. अम्मी मात्र गाडीतच. अब्बा गेल्यापासून तिचं बाहेर पडणं तसंही कमी झालंय. उघड्या माळावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर खुर्ची टाकून बसणं तिला जमत नाही. मागच्या खेपेला वर्तमानपत्राने वारा घेत ती दोन दिवस त्या भट्टीत बसली. यंदा म्हणाली, "तुम जाव, मैं घर में बैठती." ती एकदा घरी बसली की पुन्हा उठायची नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

तयार मिळतं ते गुंडाळीचं, हँडल फिरवून बाहेर काढायचं. दिसायला देखणं. पण तीन मीटरचं घेतलं तर वीसेक किलोचा भार टपाच्या एकाच बाजूला, आणि ओम्नीचा पत्रा तो केवढा! गाडीला कायमचं काही जडवायचं तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ आडवं येण्याची धास्ती. किंमत ऐकून तर पगाराची स्लिपच डोळ्यांपुढे आली. आणि एवढं करून मिळणार फक्त छत. आम्हाला आडोसाही हवा होता.

मग मांडववाल्याकडे गेलो. जाड सुती कापड, फिकट रंगाचं, कडेला पितळी कड्या. एक बाजू टपावरच्या कॅरिअरला, दुसरी दोन बांबूंवर. एक कोपरा मुद्दाम खाली, म्हणजे पावसाचं पाणी मधे साचत नाही. वळवाचं वारं उठलं की मात्र झटपट उतरवायचं, नाहीतर कापड शिडासारखं फुगतं आणि बांबू उखडतात. म्हणून गाठी सगळ्या सरकफासाच्या. गॅसची शेगडी आडोशात आणायची नाही, हा नियम मुलांनाही पाठ करायला लावला.

राहिली कनात. मांडववाल्याने तिन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचं माप घेतलं. कोपऱ्यात बसलेली अम्मी एवढा वेळ गप्प होती. कात्री लागणार तेवढ्यात म्हणाली, "बैठे तो पानी दिसना मेरेकू."

समोरची कनात कंबरेएवढी ठेवली.