तुम्हाला काय येतं?

बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला परदेशाची स्वप्नं पडावीत यात नवल नाही. मला मात्र सेवेच्या वाटेनं जायचं आहे. निदान मैत्रिणींना मी तसं सांगते!

पहिलं पत्रक हाती आलं ते कंबोडियातल्या एका अनाथाश्रमाचं. दोन आठवडे मुलांना इंग्रजी शिकवायचं आणि त्यासाठी भरायची फी आमच्या घरच्या सहा महिन्यांच्या किराण्याएवढी. फी सोडा, मला खटकलं ते निराळंच. अर्जात पासपोर्टचा नंबर होता, रक्तगट होता, टी-शर्टचं मापसुद्धा होतं. ‘तुम्हाला काय येतं?’ हा रकानाच नव्हता. दर पंधरवड्याला नवी ताई येणार, लळा लावणार आणि फोटो काढून निघून जाणार. त्या देशातल्या अनाथाश्रमांत निम्म्याहून अधिक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं तपासणीत आढळलं आहे. पाहुणे पैसे देतात, म्हणून मुलं गोळा होतात.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले ते असे नव्हेत. सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली होती; काँग्रेसनं पाच डॉक्टर धाडले. मागणी तिकडची आणि जाणाऱ्याच्या हाती विद्या.

पण आपण पडलो आर्ट्सवाले! नाडी कळत नाही, पूल बांधता येत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाची १९७० सालची स्वयंसेवक योजना फी घेत नाही, उलट निर्वाहभत्ता देते. पण तिथे शिक्षण आणि अनुभव पाहून निवड होते. अमेरिकेच्या पीस कोअरचं दार अमेरिकन नागरिकांपुरतंच.

मग ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ची माहिती वाचली. पिएर सेरेझोल या स्विस गृहस्थानं १९२० साली फ्रान्समध्ये वर्दूंजवळच्या उद्ध्वस्त खेड्यात पहिलं शिबिर भरवलं. त्यात जर्मनही होते. कालच्या शत्रूच्या गावात ते राबायला आले होते. १९३४च्या भूकंपानंतर सेरेझोल आपल्या बिहारमध्येही आले. या संस्थेच्या शिबिरांत प्रवासखर्च आणि थोडी वर्गणी आपली, राहणं-जेवण त्यांचं, काम तिथल्या मंडळींनी ठरवलेलं. फावडं तेवढं धरता आलं पाहिजे. ते एन. एस. एस.च्या शिबिरात, बंधाऱ्यावर, मी शिकले आहे. हाताचे घट्टे साक्षीला आहेत.

वडिलांनी चष्मा लावून माहितीपत्रक दोनदा वाचलं. ‘वर्गणी देऊ गं,’ ते म्हणाले, ‘पण विमानाचं काय?’

यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.